अर्धी मोजत नाहीत

१९ ऑक्टोबर २०१६. त्याआधीच्या हिवाळ्यात आमच्या नगरपालिकेच्या हद्दीत सात माणसांनी स्वतःचा जीव घेतला होता.

त्या दिवशी या सातांचा उल्लेख तीनदा झाला आणि तिन्ही वेळा निधीच्या संदर्भात. सर्बियात, मोरावा नदीच्या काठी, आमचे गाव आहे. त्याच्या आरोग्यगृहाच्या पहिल्या मजल्यावर मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीचा नवा विभाग उघडत होता. संचालक डॉ. मोमचिलो राकिच यांनी भाषणात सांगितले की परदेशी संस्थेकडून निधी मिळवताना हा आकडा निर्णायक ठरला. जिवंत असताना ज्यांना त्या इमारतीत पाच मिनिटे कोणी दिली नाहीत, ते मेल्यावर इमारतीच्या कामी आले. धर्मगुरूंनी सुगंधी पाल्याच्या जुडीने भिंतींवर पवित्र पाणी शिंपडले, शाळेच्या मुलांनी फेर धरला आणि मग व्यसनमुक्ती विभागाच्या दारातच आलुबुखाराच्या राकियाचे पेले फिरले. यात कोणालाही काही विसंगत वाटले नाही. राकिया आमच्याकडे दारूत धरत नाहीत.

काय धरायचे आणि काय धरायचे नाही, याचे आमच्या गावाचे एक पक्के शास्त्र आहे. जेवणाआधीचा पेला धरत नाहीत. नवऱ्याने एकदाच मारलेले धरत नाहीत. बायकोला वेड लागले तर ते वेड धरत नाहीत. तिच्या 'नसा' गेल्या असे म्हणतात. नसांना लाज नसते आणि उपचारही नसतो, त्यामुळे हा शब्द सर्वांना सोयीचा पडतो. ज्या गोळीने नसा शांत होतात ती गोळी कोणी अख्खी घेत नाही. सगळे अर्धी घेतात. आणि अर्धी मोजत नाहीत.

पेर्सिदा जुरिचिच त्या समारंभाला निमंत्रित नव्हती. विभागाचे पडदे तिने शिवले होते. शेवटचा पडदा सकाळी आखूड निघाला म्हणून ती त्याची दुमड उसवून पुन्हा घालत कोपऱ्यातल्या खोलीत बसली होती. विणकामाचा कारखाना बंद पडेपर्यंत तिने तिथे गळे आणि बाह्या जोडल्या. नंतर घरीच चेन बदलणे, विजारी आखूड करणे, वाढलेल्या पोटांसाठी कंबरा ढिल्या करणे ही कामे करू लागली. वय एकोणसाठ, नवरा तोमिस्लाव तेरा वर्षांमागे गेलेला, एकुलती मुलगी झोरित्सा ऑस्ट्रियात लिंझला वृद्धाश्रमात कामाला. बाहेर टाळ्या वाजत असताना पेर्सिदाने एप्रनच्या खिशातून एक गोळी काढली, दातांनी तोडली, अर्धी गिळली आणि अर्धी परत खिशात टाकली.

दारात डॉ. इस्क्रा वुलेतिच उभी होती. बेलग्रेडहून आलेली ही मनोविकारतज्ज्ञ गावाला त्याच सकाळी मिळाली होती आणि हातातला राकियाचा पेला कुठे ठेवावा ते तिला कळत नव्हते.

"काय घेतलंत, मावशी?"

"काही नाही, डॉक्टर. अर्धी."

"दिवसातून किती वेळा?"

पेर्सिदाने सुई थांबवली. हा प्रश्न तिला यापूर्वी कोणी विचारला नव्हता. "सकाळी उठले की अर्धी. कॉफीनंतर अर्धी. मग शिवायला बसताना, दुपारी, दिवे लागताना आणि झोपताना."

"म्हणजे किती झाल्या?"

"सहा अर्ध्या."

"सहा अर्ध्या म्हणजे किती?"

"सहा अर्ध्या, डॉक्टर," पेर्सिदा समजुतीने म्हणाली. या मुलीला गणित येत नसावे असे तिला वाटले.

इस्क्राने पेला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि त्या दिवशी त्याला पुन्हा हात लावला नाही. "म्हणजे तीन," ती म्हणाली. "रोज तीन. किती वर्षं?"

वर्षे सांगायची तर नव्व्याण्णवपासून सुरुवात करावी लागते. त्या वसंतात आमच्या देशावर युद्धाचे बाँब पडत होते आणि आरोग्यगृहाकडे दुसरे काही द्यायला नव्हते म्हणून ते गोळ्या देत होते. बाँब अठ्ठ्याहत्तर दिवसांनी थांबले. गोळ्या थांबवण्याचे कोणाच्या लक्षात आले नाही. पुढे तोमिस्लावचा अंत्यविधी झाला. आमच्याकडे अंत्यविधीला बायका घरातून निघतानाच पर्समध्ये गोळ्या टाकतात. विधवा रडू लागली की दोघी तिचे दंड धरतात आणि तिसरी तिच्या जिभेवर गोळी ठेवते. याला आम्ही माया म्हणतो. आपल्या कानांना त्रास होऊ नये म्हणून दुसऱ्याचे तोंड बंद करण्याला इतके सुंदर नाव दुसऱ्या कुठल्या समाजाने दिले असेल असे वाटत नाही. नवऱ्याला पुरल्याचे पेर्सिदाला आठवत नाही. आठवतात ती शेजारीण ल्युबिंकाची ओली बोटे.

पेर्सिदा पुढच्या मंगळवारी विभागात गेली ती डॉक्टरच्या प्रश्नामुळे नव्हे. तिला स्वतःचे कारण होते. आदल्या उन्हाळ्यात झोरित्साने तीन वर्षांच्या उनाला आजीकडे महिनाभर सोडले होते. एका दुपारी पेर्सिदा खुर्चीत बसल्या बसल्या झोपली. पोर कुंपणाचे फाटक उघडून बाहेर पडली आणि हमरस्त्याच्या मधोमध पांढऱ्या पट्टीवरून चालत गेली. बेकरीवाल्याने तिला उचलून आणले तेव्हा आजी अजून झोपेतच होती. हाका मारून, हलवून उठवावी लागली. झोरित्सा दुसऱ्याच दिवशी बसने आली. ती ओरडली नाही. बॅग भरून झाल्यावर एवढेच म्हणाली, "आई, ती गोळी सुटेल त्या दिवशी मला फोन कर. पुढच्या उन्हाळ्यात अख्खे दोन महिने पाठवेन. त्याआधी एक तासही नाही."

गावाने यावर निकाल दिला की परदेशात राहून पोरगी उलट्या काळजाची झाली.

विभागात जाण्यासाठी आरोग्यगृहाचा मुख्य जिना चढावा लागे. त्या जिन्याखाली रक्त तपासायला आलेल्यांची रांग असते. म्हणजे अर्धे गाव असते. ज्यांनी हा विभाग तिथे बांधला त्यांना लाज म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, किंवा फार चांगले ठाऊक होते. पहिल्याच आठवड्यात ल्युबिंका कॉफी प्यायला आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "अगं पेर्सा, तू वर गेली होतीस म्हणे? बसस्थानकामागच्या सुया टोचणाऱ्या पोरांबरोबर?"

"तिथं कोणी पोरं नव्हती. मी, डॉक्टर आणि तो सुतार मिलुतिन."

"मिलुतिन पितो."

"आणि मी गोळ्या घेते."

"तू अर्धी घेतेस," ल्युबिंकाने तिला दुरुस्त केले. "मीही घेते. मग मी काय व्यसनी? बाई, ती बेलग्रेडची पोरगी तुला आजारी करून सोडेल. तिला पेशंट हवेत, पडदे लावून बसलीय ना." मग तिने खिशातून एक अर्धी काढून बशीत ठेवली. "घे. रंग बघ चेहऱ्याचा."

पेर्सिदाने ती अर्धी कॉफीच्या गाळात दाबली. ल्युबिंकाला हा अपमान वाटला आणि तिने तो तसाच घेतला. पुढे तीन आठवडे ती आली नाही. आमच्या गावात माणूस बुडताना त्याला हात देणारे कमी. पण तो पोहून बाहेर येऊ लागला तर त्याचा पाय ओढायला अख्खा शेजार शेजारधर्म म्हणून धावून येतो.

इस्क्राची पद्धत संथ होती. दर काही आठवड्यांनी पाव गोळी कमी करायची, शरीर स्थिर होऊ द्यायचे, मगच पुढे जायचे. एकदम सोडायची नाही, हे तिने पुन्हा पुन्हा बजावले. एकदम सोडली तर फेफरे येऊ शकते. हिवाळ्यात पेर्सिदाला घाम फुटे, दात दुखत, रस्त्यावरच्या ट्रकचा आवाज हाडांत शिरे. सुईत दोरा ओवायला ती मशीनवर कोपर टेकवून मनगट दुसऱ्या हाताने धरी. विजारी उशिरा मिळू लागल्यावर गिऱ्हाइके कुरकुरली. एकीने तोंडावर सांगितले, "घेत होतीस तेव्हा शिलाई सरळ यायची." हे खरे होते. पेर्सिदाने तिची शिलाई उसवली आणि पुन्हा घातली.

मार्चमध्ये एका सकाळी ती इस्क्रासमोर रडली. कारण विचारल्यावर म्हणाली, "तोमिस्लाव गेला."

"कधी?" इस्क्रा दचकली.

"तेरा वर्षं झाली. आत्ता कळतंय."

इस्क्राने तिला रडू दिले. खालच्या रांगेतून कोणीतरी वर ओरडून विचारले की कोणाला पाणी हवे का, गोळी हवी का. इस्क्रा उठली, दार लावून घेतले आणि परत येऊन बसली. त्या इमारतीच्या इतिहासात एखाद्या दाराचा इतका योग्य उपयोग झाल्याचे मला माहीत नाही.

उन्हाळा संपेपर्यंत तीन गोळ्यांच्या जागी एक राहिली, मग अर्धी. त्या दिवशी पेर्सिदा आनंदात होती. "संपलंच म्हणायचं, डॉक्टर."

"नाही, मावशी. ही शेवटची अर्धी सगळ्यांत मोठी. इथेच लोक परत फिरतात. ही आपण हिवाळाभर, कणाकणाने उतरवू. मी आहे."

ती नव्हती. तिला निधीतून एक वर्षासाठी नेमले होते. ते वर्ष संपत आल्यावर तिने संचालकांना तीनदा विचारले की पुढचा करार कधी होईल. निधी पुढच्या वर्षाचाही आला होता. पण संचालकांच्या भाच्याला प्रकल्प-समन्वयक नेमल्यावर डॉक्टरसाठी जागा उरली नाही. प्रकल्प आहे, समन्वय आहे, फक्त ज्याचा समन्वय करायचा ते नाही, अशी ती व्यवस्था होती. इस्क्राने जर्मनीत एका रुग्णालयात अर्ज केला आणि तिला दहा दिवसांत उत्तर आले. सप्टेंबरच्या अखेरीस ती गेली. जाताना ती पेर्सिदाच्या घरी आली आणि एवढेच म्हणाली, "एकटीनं सोडू नका. कोणीतरी लक्ष ठेवणारं डॉक्टर हवं. मी संचालकांना सांगितलंय." तिने सांगितले होते, यात शंका नाही. ऐकणारे तेच होते.

पेर्सिदा आरोग्यगृहाच्या मुख्य खिडकीशी गेली. तिथे परिचारिका रादमिला बसते.

"मला गोळी सोडवायला डॉक्टर हवाय," पेर्सिदा म्हणाली.

"सोडवायचं वर."

"वर कुलूप आहे."

"मग मी काय करू? मी देते, सोडवत नाही." रादमिलाने खणात हात घातला. "एक पाकीट देऊ का दोन? सुट्ट्या येतायत."

म्हणून ती संचालकांकडे गेली. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांच्या लग्नाचा कोट तिनेच बेतला होता, एवढ्या ओळखीवर तिला दार उघडले गेले. डॉ. राकिच कॉफी पीत होते. त्यांनी तिलाही मागवली. ते वाईट माणूस आहेत असे गावात कोणी म्हणणार नाही, आणि नेमके हेच त्यांचे संरक्षण आहे.

"बस, पेर्सा. किती घेतेस आता?"

"अर्धी. दिवसातून एकदा."

"म्हणजे बरी झालीस की."

"अर्धी राहिलीय, डॉक्टरसाहेब."

"अर्धी!" ते हसले. "अगं, अर्धी मी घेतो. माझी बायको घेते. नववर्षाला फटाके उडतात तेव्हा आमच्या कुत्र्यालासुद्धा अर्धी देतो."

"कुत्र्याला नात सांभाळायची नसते."

हसणे थांबले. "हे बघ, त्या मुलीनं तुझ्या डोक्यात काहीतरी भरवून ठेवलंय. तुझ्या वयाला अर्धी म्हणजे जीवनसत्त्व. घरी जा, झोप काढ. वर्षभर विभागात येत राहिलेली तू एकटी आहेस, माहितीय? मिलुतिन तर पाचव्या महिन्यातच पळाला. अभिमान वाटला पाहिजे तुला."

"अभिमान घेऊन काय करू? मला महिन्यातून एकदा अर्धा तास डॉक्टर पाहिजे."

"बघतो," संचालक म्हणाले. आमच्या भाषेत 'नाही' हा शब्द आहे, परंतु कार्यालयांत तो वापरत नाहीत.

त्यांनी खरोखरच बघितले. पण निधीचा वार्षिक अहवाल देण्याची वेळ आली तेव्हा. पैसे देणाऱ्यांना एक यश हवे होते. पेर्सिदाला फोटोसाठी बोलावले नाही; तिच्या पडद्यांसमोर भाच्याचा फोटो काढला. फेब्रुवारीत गावच्या बातमीपत्राने छापले की आरोग्यगृहाच्या नव्या विभागात शिवणकाम करणारी पे. जु. ही एकोणीस वर्षांच्या अवलंबनातून 'पूर्णपणे मुक्त' झाली. आमच्या गावात शिवणकाम करणारी पे. जु. एकच आहे. ज्यांनी वर्षभर तिला व्यसनी म्हणून हिणवले तेच आता अभिनंदन करू लागले. गावाच्या हिशेबात आदल्या वर्षी ती आजारी नव्हती आणि या वर्षी ती बरी झाली होती. ल्युबिंका केक घेऊन आली आणि केकाबरोबर, सवयीने, एक अर्धीही.

ते बातमीपत्र लोक परदेशातही वाचतात. कोण मेले ते पाहायला वाचतात. रविवारी दुपारी झोरित्साचा फोन आला. ल्युबिंका तिथेच बसलेली होती आणि त्या फोनचा आवाज खोलीभर ऐकू येतो, म्हणून पुढचे संभाषण गावाला शब्दशः ठाऊक आहे.

"आई? मी वाचलं. खरं आहे ते?" झोरित्साने विचारले. "तू मला सांगितलं का नाहीस? मी इथं कामावर सगळ्यांना वाचून दाखवलं. थांब, उना बोलतेय."

"आजी, मांजर आहे अजून?" उना आता साडेपाच वर्षांची होती.

"आहे. जाडं झालंय."

"मी येणार आहे. दोन महिने. आई म्हणाली."

पेर्सिदाने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. या क्षणी तिच्या बाजूने काय काय उभे होते ते पाहावे: आरोग्यगृहाचा अहवाल, संचालकांची सही, छापील बातमी आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली भाषेची रीत. तिला खोटे बोलावे लागणार नव्हते. गाव जे म्हणते तेवढेच म्हणायचे होते. समोरून ल्युबिंका मान हलवून 'हो म्हण' असे खुणावत होती.

"आईला दे, राणी," पेर्सिदा म्हणाली. आणि मग, "झोरित्सा, अर्धी राहिलीय."

झोरित्सा याच गावात जन्मलेली आहे. तिने विचारले, "आई, अर्धी म्हणजे काही नाही, की अर्धी म्हणजे अर्धी?"

"अर्धी म्हणजे अर्धी. रोज संध्याकाळी."

"आणि डॉक्टर?"

"ती जर्मनीत गेली. तुझ्या जवळच कुठेतरी."

"मग छापलं कोणी?"

"ज्यांना छापायचं होतं त्यांनी."

झोरित्सा रडत होती की नाकावाटे हसत होती, ते ल्युबिंकाला सांगता आले नाही. शेवटी ती म्हणाली, "मग या उन्हाळ्यात नको, आई."

"नकोच," पेर्सिदा म्हणाली. "मांजराचा फोटो पाठवते तिला."

फोन ठेवल्यावर ल्युबिंकाने दोन्ही हात टेबलावर आपटले. "मूर्ख आहेस तू. एक 'हो' म्हणायचं होतं. कोण मोजायला येणार होतं लिंझहून?"

"कोणी नाही."

"मग?"

"दुपारी दोनला फाटक उघडलं असतं," पेर्सिदा म्हणाली, "आणि मी इथं बसलेली असते. या खुर्चीत."

ल्युबिंकाने खुर्चीकडे पाहिले. मग तिने बशीतली आपली अर्धी उचलली, एक क्षण थांबली आणि स्वतःच गिळली. गावात हे सांगताना हा भाग ती गाळत नाही. यात गाळण्यासारखे काही आहे असे तिला वाटत नाही.

त्यानंतर पेर्सिदाने दोनदा स्वतःच्या बळावर सोडून पाहिली. दुसऱ्या वेळी ती मशीनवर कोसळली आणि भुवईला टाके पडले. टाके आरोग्यगृहातच घातले, तळमजल्यावर, चांगले घातले. वरच्या मजल्याबद्दल कोणी बोलले नाही. बाहेर पडताना खिडकीतून रादमिलाने न मागता एक पाकीट पुढे सरकवले.

आज विभागाची पाटी जागेवर आहे. पडदेही आहेत, दर वसंतात धुतात. भाचा आता दोन प्रकल्पांचा समन्वयक आहे आणि ज्या हिवाळ्यात सात आत्महत्या झाल्या त्यानंतरच्या हिवाळ्यांचे आकडे पुढच्या अर्जासाठी जपून ठेवले आहेत. पेर्सिदा रोज दिवे लागताना अर्धी गोळी घेते. ती दातांनी तोडत नाही, कात्रीने कापते, आणि कोणी विचारले तर मोजून सांगते.

तिच्यावर सुरू केलेल्या उपचाराचा शेवटच्या अर्धीचा भाग आरोग्यगृहाकडून तिला अजून येणे आहे.